टाकी कुठे रिकामी करणार?

या शनिवारी जरा भांडायचा मूड आहे. विषय कॅरॅव्हॅन.

गेली दोन-तीन वर्षं आमच्या ऑफिसात लोक कॅरॅव्हॅनबद्दल ज्या डोळ्यांनी बोलतात, त्या डोळ्यांनी पूर्वी अमेरिकेतल्या प्रोजेक्टबद्दल बोलायचे. जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. एक जोडपं, हातात कॉफीचे मग, गाडीचं मागचं दार सताड उघडं, आणि दारापासून दहा पावलांवर लाटा. सगळ्यांचा मथितार्थ एकच. हॉटेल नको, बुकिंग नको, हवं तिथे थांबा, हवं तिथे झोपा.

माझं म्हणणं असं, की कोकणात कॅरॅव्हॅनने फिरणं ही फार छान गोष्ट आहे, पण हे जे "हवं तिथे थांबा" आहे ते कोकणाच्या मुळावर येणारं आहे. कॅरॅव्हॅनने रात्र काढावी ती पुळणीवर नाही, सरकारी कॅरॅव्हॅन पार्कातही नाही. ती गावातल्या माणसाच्या अंगणात काढावी, त्याला रोख पैसे देऊन आणि त्याचे नियम पाळून. आता हे का, ते सांगतो.

जानेवारीत मी आणि बायको आठ रात्री गाडीतच राहिलो. ताम्हिणीने खाली उतरून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला फेरीत गाडी घालून वेसवी. तिथून केळशी, आंजर्ले, हर्णे. दाभोळला परत फेरी, धोपाव्याला उतरून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. तवसाळ ते जयगड पुन्हा फेरी, मग गणपतीपुळे, आरे-वारे, आणि खाली विजयदुर्ग, कुणकेश्वर, तोंडवळी, भोगवे करत शिरोड्यापर्यंत. आरे-वारेच्या वरच्या वळणावरून दोन्ही किनारे दिसतात तेव्हा गाडी चालवणाऱ्याने समोर बघावं की खाली, हा प्रश्न अजून सुटलेला नाही :) प्रवासवर्णन इथेच संपवतो, कारण किनाऱ्यांची वर्णनं करणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. मला बोलायचंय ते गाडीच्या पोटाबद्दल.

सॉफ्टवेअरवाल्यांना एक सवय असते. कुठलीही सिस्टीम समोर आली की आत काय जातं आणि बाहेर काय येतं, हे आधी बघायचं. कॅरॅव्हॅनच्या जाहिरातीत फक्त आत काय जातं ते दाखवतात. आमची गाडी भाड्याची, टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली. तिच्यात साधारण शंभर लिटरची चांगल्या पाण्याची टाकी. बेसिन आणि अंघोळीच्या सांडपाण्याची साठ लिटरची दुसरी टाकी. आणि संडासाखाली वीस लिटरचा एक खेचून काढता येणारा डबा, ज्याला कॅसेट म्हणतात. गाण्यांची नव्हे. दोन माणसं कितीही काटकसरीने वागली तरी ही कॅसेट अडीच-तीन दिवसांत भरते. म्हणजे आठ रात्रींत ती किमान तीनदा रिकामी करायची. सांडपाण्याची टाकी तर एक दिवसाआड.

गाडी ताब्यात घेताना मी विचारलं, "ही कॅसेट कुठे रिकामी करायची?" देणारा माणूस हसला. "सर, कोकण आहे. जंगल आहे, समुद्र आहे. कुठेही करा, सगळे तेच करतात."

माझं भांडण या एका वाक्याशी आहे. "सगळे तेच करतात." या धंद्याचं अख्खं अर्थशास्त्र त्या वाक्यावर उभं आहे. गाडीवाला भाडं घेतो, पर्यटक फोटो घेतो, आणि वीस लिटरचा डबा गावाच्या वाट्याला येतो. हॉटेल बांधणाऱ्याला निदान शोषखड्डा तरी खणावा लागतो. कॅरॅव्हॅनवाल्याचा शोषखड्डा म्हणजे पुढचं वळण.

आता कोणी म्हणेल, वीस लिटर ते काय, एवढ्या मोठ्या निसर्गात जिरून जाईल. तर जिरतं कुठे ते बघा. कोकणातला सडा जांभ्याचा. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. वर ओतलेलं पाणी त्यातून चाळणीसारखं खाली जातं. म्हणूनच तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात तिथल्या बायका कळश्या घेऊन हिंडतात. किनाऱ्यालगतच्या वाड्यांची गोष्ट याहून नाजूक. तिथे रेताड जमीन असते, विहिरी उथळ असतात, आणि गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक पातळ थर असतो. त्या थरावरच माडाला, पोफळीला आणि माणसांना जगायचं असतं. तुम्ही सुरूच्या बनात, अंधारात, कोणी बघत नाही म्हणून जे ओतता ते "निसर्गात" जात नाही. ते कोणाच्या तरी पोहऱ्यात येतं.

त्यात संडासाच्या डब्यात घालायचं ते निळं औषध. वास मारण्यासाठी असतं. यातल्या जुन्या पद्धतीच्या औषधांत फॉर्माल्डिहाइड किंवा तसलंच जंतुनाशक असतं. त्याचं कामच मुळी जिवाणू मारणं हे आहे. आणि घरगुती सेप्टिक टँक चालतो कशावर? जिवाणूंवर. म्हणजे एखाद्या भल्या माणसाने "ओता आमच्या संडासात" म्हणून परवानगी दिली, आणि तुम्ही न सांगता निळं पाणी ओतलंत, तर त्याच्या टाकीतली पचनक्रियाच तुम्ही बिघडवलीत. सेप्टिक टँकला चालणारी जैविक औषधं मिळतात. आम्ही ती निघतानाच विकत घेतली होती. गाडीबरोबर मात्र निळी बाटली फुकट होती. असो.

दुसरा मुद्दा चाकांचा.

पुळणीवर गाडी नेण्याची हौस ही कॅरॅव्हॅनवाल्यांची मक्तेदारी नाही, एसयूव्हीवाले त्यात कधीचेच पुढे आहेत. दर सुट्टीच्या मोसमात कोणाची ना कोणाची गाडी भरतीत अडकते, मग गावातला ट्रॅक्टर किंवा जेसीबी ती ओढून काढतो आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. ओहोटीची ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट लागते आणि लोक फसतात. पाणी परत आलं की तीच वाळू चाकाखाली पातळ होते. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांकडे यासाठी एक सूत्र आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. थोडं मागेपुढे होतं, पण कागद-पेन्सिलीशिवाय चालणारा इतका सुटसुटीत अल्गोरिदम मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पाच-सहा कॅमेरे लावलेल्या गाडीच्या मालकाला तो माहीत नसतो, ही गंमत.

पण गाडी अडकणं ही गंमत झाली. खरं नुकसान गाडी न अडकता होतं. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं कोकणच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. भरतीरेषेच्या वर, वाळूत हात-दीड हात खोल. साधारण पन्नास-साठ दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. हे प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. वेळाससारख्या गावांनी कासवं वाचवायला वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या आहेत. घरटी शोधायची, अंडी उचलून कुंपणात नेऊन ठेवायची, पिल्लं समुद्रात सोडायची. आणि पर्यटनाचा मोसम नेमका कधी? तोच. नोव्हेंबर ते मार्च. दोन टनांच्या वर वजनाची गाडी वाळूवरून गेली की वाळू दबते. चाकोरीत तळहाताएवढं पिल्लू पडलं तर त्याच्यासाठी ती दरी असते. त्यातून गाडीच्या दिव्याच्या माळा. पिल्लं उजेडाकडे जातात, कारण रात्री मोकळ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ क्षितिज समुद्राचं असतं. तुमच्या फोटोतल्या त्या रोमँटिक पिवळ्या दिव्यांकडे ती वळली, की समुद्राकडे पाठ.

गोव्यात पर्यटनस्थळांच्या कायद्यात 2019 साली दुरुस्ती करून किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करण्याला आणि दारू पिण्याला दंड ठेवला. आपल्याकडच्या कॅरॅव्हॅनच्या जाहिरातीत नेमक्या याच दोन गोष्टी सगळ्यात ठळक असतात. बोला आता.

मग सरकार काय करतंय? 2021 साली महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्याच वर्षी केरळनेही आणलं. चांगली गोष्ट आहे. पण आपल्याकडे धोरण म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते "पार्क". मोठी जागा, गेट, कमान, पेव्हर ब्लॉक, उद्घाटन. कोकणात सपाट आणि मोठी जागा मुळात किनाऱ्यालगतच सापडते, आणि तिथेच बांधू नये म्हणून तर आपण 1981 पासून धडपडतोय. त्या वर्षी इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटर मोकळे ठेवायला सांगितलं. त्यातून पुढे 1991 ची सीआरझेड अधिसूचना आली. मग 2011 ची, मग 2019 ची. दर वेळी दोरी थोडी सैल झाली. आता कॅरॅव्हॅनच्या निमित्ताने ती आणखी सैल करायची का? चाकं आहेत म्हणून ते बांधकाम नव्हे, असा युक्तिवाद कोणीतरी करणारच आहे. आजच लिहून ठेवा.

ज्या देशांची नक्कल आपण करतोय त्यांनी काय केलंय तेही बघू. न्यूझीलंडने फ्रीडम कॅम्पिंगचा कायदा 2011 मध्ये केला. पुढच्या काही वर्षांत व्हॅन घेऊन फिरणाऱ्यांच्या घाणीने तिथल्या गावांचा जीव मेटाकुटीला आला, आणि 2023 मध्ये त्यांना नवा कायदा करावा लागला. आता "स्वयंपूर्ण" गाडीचं प्रमाणपत्र हवं असेल तर संडास गाडीत पक्का बसवलेला लागतो, पलंगाखाली ठेवलेला सुटा डबा चालत नाही. आणि या प्रमाणपत्रांची व्यवस्था कोणाच्या देखरेखीखाली? प्लंबर, गॅसवाले आणि गटारकाम करणारे यांच्या नियामक मंडळाच्या. मला हे फार आवडलं. ज्याला पाइपातलं कळतं त्याच्या हातात कारभार.

ब्रिटनने तर 1960 च्या कॅरॅव्हॅन कायद्यातच एक शहाणी फट ठेवली. मान्यताप्राप्त क्लबांनी पसंत केलेल्या जागेवर, बहुतेक वेळा एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणावर, क्लबच्या सभासदांच्या पाचपर्यंत कॅरॅव्हॅन वेगळ्या परवान्याशिवाय उभ्या राहू शकतात. पाच. पन्नास नव्हे. फ्रान्समध्ये 1993 पासून फ्रान्स पॅशन नावाची योजना आहे. द्राक्षमळेवाले, चीज करणारे शेतकरी आपल्या आवारात मोटारहोमला एक दिवस उभं राहू देतात. गाडीत स्वतःची टाकी असली पाहिजे, ही अट. पाहुणा जाताना दोन बाटल्या घेऊन जातो, शेतकऱ्याचा माल खपतो. पार्क नाही, कमान नाही, मंत्री नाही.

आता सांगा, हे आपल्याकडे कुठे आहे? कोकणात घराघरात आहे! अंगण आहे, विहीर आहे, बाहेरच्या बाजूला संडास आहे, पडवीत प्लगपॉइंट आहे. निवास-न्याहारी योजना वर्षानुवर्षं चालू आहे, तिच्या पाट्या गावोगाव दिसतात. कॅरॅव्हॅन पार्क म्हणून जे काही वेगळं बांधायचं म्हणतात, त्यातलं नव्वद टक्के त्या घरात आधीपासून आहे.

आम्ही आठही रात्री अशाच काढल्या. गुहागरजवळच्या एका वाडीतला अनुभव सांगतो. घर रस्त्यापासून आत, दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे, आणि आमची गाडी दहा फूट उंच. काकांनी स्वतः पुढे चालत, काठीने पोफळीचं झावळ आणि विजेची वायर बघत, गाडी आत घेतली. मग पडवीत बसवून त्यांनी नियम सांगितले. "एसी लावायचा नाही, आमचा मीटर उडतो. पाणी विहिरीचं भरून देईन, पण पाइप सोडून ठेवायचा नाही. ते सांडपाणी माडाच्या आळ्यात सोडा, पण साबण बेताचा वापरलाय ना? आणि तो डबा आमच्या संडासात रिकामा करायचा असेल तर आधी औषधाची बाटली दाखवा." त्यांनी बाटली चष्मा लावून वाचली! मोठमोठ्या कंपन्यांतलं सिक्युरिटी ऑडिट मी पाहिलंय, पण इतकं नेमकं फार कमी वेळा. जागेचे, पाण्याचे आणि विजेचे मिळून सहाशे रुपये, जेवणाचे वेगळे. काकूंनी उकडीचे मोदक केले होते ते हिशोबात नव्हते.

खाली मालवणकडे एका गावात तर गाडी थांबवायच्या आधीच एक मासेमार गृहस्थ खिडकीशी आले. पहिला प्रश्न "कुठून आलात" नव्हता. "घाण पानी खंय सोडतलास?" हाच होता. त्यांना कारण असणार. आमचं उत्तर ऐकल्यावर त्यांनीच शेजारचं घर दाखवलं.

सहाशे रुपये तुम्हाला-मला किरकोळ वाटतात. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं त्या कुटुंबाने काय खायचं? घरावर मजला चढवून खोल्या काढायला भांडवल लागतं, कर्ज लागतं. अंगणात गाडी उभी करू द्यायला झाडू लागतो. कॅरॅव्हॅनचा कोकणाला काही खरा उपयोग असेल तर तो हाच आहे, की भांडवल नसलेल्या घरालाही पर्यटनातला पैसा मिळू शकतो. आणि पार्क झाला की नेमकं हेच मरतं. पैसा गेटवर जमा होतो आणि पुण्या-मुंबईला परत जातो.

आता आक्षेप. माझा एक मित्र म्हणतो, "अरे पण गावातलं गटारही समुद्रातच जातं, हॉटेलवालेही सोडतात, मग आम्हालाच का शिकवतोस?" मुद्दा खरा आहे आणि तरी तर्क गळका आहे. शेजाऱ्याच्या कोडमध्ये बग आहे म्हणून मी माझ्यात घालावा, असं कोणी म्हणत नाही. शिवाय गावातला माणूस त्याच विहिरीचं पाणी पितो, परिणाम तो स्वतः भोगतो. आपण सकाळी निघून गेलेले असतो.

दुसरा आक्षेप, "मग ती मजाच गेली. समुद्रासमोर जाग येणं हेच तर हवं असतं." बायकोचं यावर उत्तर आहे, आणि ते मला पूर्ण मान्य आहे. वाडीतून पुळणीपर्यंत चालत पाच मिनिटं लागतात. पहाटे अनवाणी, पोफळीच्या बनातून, हातात चहा घेऊन चाललं की समुद्र आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. ज्याला ती पाच मिनिटं जड वाटतात त्याने समुद्राचा वॉलपेपर लावावा.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. अंगणवाल्यांवर देखरेख कोण ठेवणार? पन्नास घरांनी पाच-पाच गाड्या घेतल्या तर गावाचे सेप्टिक टँक पुरतील का? नाही पुरणार. म्हणून मर्यादा हवी, आणि ती ब्रिटनच्या पाचापेक्षाही कमी हवी. आपले टँक लहान, विहिरी जवळ. एका अंगणात दोन गाड्या, बस्स.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. एक, निवास-न्याहारीच्या नोंदणीतच "अंगणात गाडी" हा प्रकार घाला, दोन गाड्यांपर्यंत, वेगळा परवाना नको. दोन, प्रत्येक तालुक्यात एसटी स्टँडसारख्या ठिकाणी कॅसेट आणि सांडपाणी रिकामं करायची एक जागा करा आणि तिथला मैला नेमाने उपसा. आठ दिवसांच्या आमच्या वाटेवर अशी एकही जागा मला दिसली नाही. किनाऱ्यावर साधे संडास बांधायलाही कायद्याची अडचण नाही. 2019 च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून 10 मीटर सोडून तात्पुरते संडास, कपडे बदलायच्या खोल्या आणि पिण्याच्या पाण्याची सोय करायला मुभा दिलेली आहे. तीन, भाड्याच्या गाडीत पक्का संडास आणि सेप्टिक टँकला चालणारं औषध सक्तीचं करा, निळी बाटली बंद. चार, पुळणीवर चाक दिसलं की दंड, कोणाचंही असो, आणि दंडाची रक्कम ग्रामपंचायतीला. मग बघा किती बारकाईने नजर राहते ते.

सरकार हे करेल तेव्हा करेल. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. गाडी बुक करताना सनरूफ आहे का, टीव्ही किती इंची आहे, हे विचारायच्या आधी "टाकी कुठे रिकामी करायची?" हे विचारा. समोरचा हसला, तर फोन ठेवून द्या. असे दहा-वीस फोन ठेवले गेले ना, की तो प्रश्न त्याच्या धंद्याचा होईल. आणि जाण्यापूर्वी कोणत्या गावात कोणाच्या अंगणात उतरायचं ते ठरवून, फोन करून, विचारून जा. आपण कोणाच्या घरी असंच जातो.